शरीराची मर्यादा आणि सोबतीचा प्रश्न

वऱ्हाडचे धर्मजीवन ज्या क्रियांवर उभे आहे, त्यांतील बहुतेक क्रिया धडधाकट शरीर गृहीत धरतात. वारीला पाय लागतात, दर्शनाला डोळे लागतात, कीर्तनाला कान लागतात आणि देवीच्या टेकडीवर जायचे तर पायऱ्या चढण्याची ताकद लागते. ज्याला यांपैकी एखादे इंद्रिय किंवा अवयव साथ देत नाही, त्याचे या सामुदायिक जीवनात स्थान कोणते, हा प्रश्न धर्मग्रंथांत क्वचितच सरळ विचारला गेला आहे. घरोघरच्या छपरीत मात्र तो रोज पडतो, आणि ज्याला पडतो तो बहुधा तो कुणाजवळ बोलूनही दाखवत नाही. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे व तो अधिक कठीण आहे. शारीरिक अपंगत्वासोबत येणारा एकाकीपणा शरीरातूनच उपजतो की भोवतालच्या माणसांच्या वागण्यातून व समजुतींतून, आणि त्यातून वर येण्यासाठी लागणारी आशा ही बरे होण्याचीच आशा असते की आणखी कशाची? वऱ्हाडच्या मातीत या प्रश्नाची काही उत्तरे सापडतात, आणि त्यांतले सर्वांत सखोल उत्तर एका अंध पुरुषाने दिलेले आहे.

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या तोंडाशी वसलेले पातूर हे गाव या विचाराच्या आरंभासाठी योग्य आहे, कारण एकाच शिवारात अनेक धर्मपरंपरांच्या खुणा तेथे नांदत आहेत. खडकात कोरलेली प्राचीन लेणी, टेकडीवरची रेणुकामाता, ज्यांच्या नावावरून गावाला ‘पातूर शेख बाबू’ म्हटले जाई त्या सूफी सत्पुरुषाचा दर्गा, १९५६ च्या धर्मांतरानंतर वऱ्हाडभर गावोगाव उभ्या राहिलेल्या विहारांतून चालत आलेली बौद्ध उपासना, आणि शेगावहून पायी पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी, जी अकोला, वाडेगाव, पातूर या वाटेने मेडशीकडे घाट चढते, अशी ही सगळी बहुविध श्रद्धा आहे. यांपैकी लेणी आणि टेकडी माणसाला आपल्याकडे बोलावतात आणि जो चढू शकत नाही त्याला खालीच थांबवतात. पालखी मात्र स्वतः चालत माणसाच्या दारापुढून जाते. एका प्रकारच्या श्रद्धेत माणसाने देवापर्यंत पोचायचे असते, दुसऱ्या प्रकारात देव माणसापर्यंत येतो, आणि अपंग माणसाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

एकाकीपणा कुठून येतो हे ठरवायचे तर आधी त्याचे रूप जवळून पाहावे लागते. वऱ्हाडातील शेतकरी व शेतमजूर कुटुंबात सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी लागली की घरातील सारी कामाची माणसे सकाळीच वावरात जातात, आणि ज्याला उठता येत नाही तो छपरीतल्या बाजेवर, उशाशी ठेवलेला पाण्याचा गडू आणि झाकून ठेवलेली भाकर यांच्या सोबतीने दिवस काढतो. त्याला एकटे टाकून जाण्यात घरच्यांची निष्ठुरता नसते. रोजी बुडाली तर सर्वांचीच चूल थंडावते. पण अशा दिवसाची एक बाब बाहेरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही, ती अशी की संध्याकाळपर्यंत शौचाला नेणारे कुणी नसल्यामुळे असा माणूस तहान लागली तरी पाणी पीत नाही, गडू भरलेलाच राहतो, आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असतानाही तो हेच करतो. येथे एकाकीपणा ही मनाची अवस्था होण्याच्या कितीतरी आधी शरीराची शिस्त झालेला असतो, कारण दुसऱ्याला आपला त्रास कमीत कमी व्हावा म्हणून स्वतःच्या गरजा आखडून घेण्याची सवय अशा माणसाला लहानपणापासून लागते आणि गरजा आखडता आखडता त्याचे बोलणे, रुसणे, मागणेही आखडत जाते.

बाहेर पडणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी असली तरी फार वेगळी नसते. एसटीच्या प्रवासात अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि गाडीत राखीव आसनही असते, पण त्या आसनापर्यंत नेणारी पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की दोन कुबड्यांवर उभ्या असलेल्या माणसाला ती चढण्यासाठी अनोळखी माणसाच्या खांद्याचा आधार मागावा लागतो, आणि रोज मागावा लागणारा आधार हा हळूहळू घराबाहेर न पडण्याचे कारण होतो. लग्नाच्या मांडवात कुणीतरी दबक्या आवाजात ‘याले कायले आनलं?’ असे विचारते, आणि ते विचारणाऱ्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ लांबपर्यंत ऐकू जाते. ज्याला ऐकूच येत नाही त्याची स्थिती याहून अवघड असते. ज्या घरात एकालाही खुणांची भाषा येत नाही अशा घरातील बधिर मूल भरल्या पंगतीत, भावंडांच्या हसण्याकडे पाहत, त्या हसण्याचे कारण न कळता वाढते. त्याला प्रेम मिळते, जेवण मिळते, पण गोष्ट मिळत नाही, घरातल्या भांडणाचे कारण मिळत नाही, आजीची आठवण मिळत नाही. माणसांच्या गर्दीतील हा एकटेपणा बाजेवरच्या एकटेपणापेक्षा अधिक खोल म्हटला पाहिजे, कारण बाजेवरच्या माणसाला संध्याकाळी माणसे परत येतात ही तरी खात्री असते.

या साऱ्या उदाहरणांत शरीराची उणीव हे निमित्त आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेदना, थकवा आणि दुसऱ्यावर अवलंबून असणे हे खरेच आहे आणि केवळ विचार बदलल्याने ते संपत नाही. परंतु त्या उणिवेचे एकाकीपणात रूपांतर होते ते पायरीमुळे, वेळेच्या अभावामुळे, भाषा न शिकल्यामुळे आणि सर्वांत जास्त ज्या स्पष्टीकरणाने समाज अपंगत्वाचा अर्थ लावतो त्या स्पष्टीकरणामुळे. ‘मागच्या जन्माचं भोगून रायला बिचारा’ हे वाक्य वऱ्हाडात सहज, कणव म्हणून उच्चारले जाते. त्यामागे कर्मसिद्धान्त आहे. या सिद्धान्तानुसार जीवाने जन्मोजन्मी साठवलेल्या कर्माला संचित म्हणतात, त्यातील ज्या भागाचे फळ या जन्मी भोगायला मिळू लागले आहे ते प्रारब्ध, आणि आज हातून जे घडत आहे ते क्रियमाण. वेदान्तात या विभागणीचा मूळ हेतू साधकाला धीर देण्याचा आहे: जे सुटलेल्या बाणासारखे निघून गेले आहे त्याचा शोक करू नये, पुढचे मात्र आपल्या हाती आहे, असे तो सांगतो. स्वतःच्या दुःखाकडे पाहताना माणसाने हा विचार केला तर त्यातून बळ मिळू शकते, आणि अनेकांना ते मिळालेही आहे. तोच विचार शेजाऱ्याच्या दुःखाला लावला की तो निवाडा होतो, आणि निवाड्याच्या जवळ कुणी बसत नाही.

हा पेच बौद्ध परंपरेलाही चुकलेला नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे पाली भाषेतील भाष्यात, पहिलीच कथा चक्खुपाल नावाच्या अंध स्थविराची आहे. तो येरझारा घालताना पायाखाली किडे चिरडले गेले, इतर भिक्षूंनी तक्रार केली, तेव्हा बुद्धांनी सांगितले की त्याला ते दिसत नव्हते आणि मारण्याचा हेतूही नव्हता, म्हणून त्याला दोष नाही. येथपर्यंत ही कथा अपंग माणसाच्या बाजूने उभी आहे. पण तीच कथा पुढे त्याच्या अंधत्वाचे कारण पूर्वजन्मात शोधते: तो तेव्हा वैद्य होता आणि त्याने एका स्त्रीचे डोळे जाणूनबुजून घालवले होते. आज पायाखाली आलेल्या किड्यांबाबत त्याला निर्दोष ठरवणारी परंपरा त्याच्या डोळ्यांबाबत त्यालाच दोषी ठरवते, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नेमक्या याच ठिकाणी घाव घातला. पूर्वजन्मीच्या कर्माने आजची दुरवस्था ठरते, हे मत बुद्धांचे असूच शकत नाही, कारण त्या मताचा उपयोग दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकण्यासाठीच होतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. आंबेडकरांचा रोख प्रामुख्याने दारिद्र्य आणि जातिव्यवस्था यांवर असला तरी अपंगत्वाच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडतो, आणि वऱ्हाडातील प्रत्येक विहारात या अंगाने त्याची चर्चा व्हायला हवी.

शेख बाबूंच्या दर्ग्यावर जाणाऱ्या श्रद्धाळूला ज्ञात असलेल्या कुराणात या प्रश्नाची बाजूच बदलणारा एक प्रसंग आहे. ‘अबस’ या ८० व्या सुरेचा संदर्भ असा सांगितला जातो की पैगंबर मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतलेले असताना अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम हा अंध मनुष्य काही विचारायला आला, त्यांनी कपाळाला आठ्या घालून तोंड फिरवले, आणि त्याबद्दल त्यांना ईश्वराकडून कानउघाडणी झाली. पुढे हाच अंध पुरुष मदिनेत अजान देणाऱ्यांपैकी एक झाला. या प्रसंगात तो अंध का झाला असे कुणी विचारत नाही. त्याच्यापासून तोंड का फिरवले, एवढेच विचारले जाते. ज्याला आठ्या दिसल्या नसतील त्याच्यावतीने त्या आठ्यांचा जाब विचारला जातो, आणि ज्याच्याकडे तोंड फिरवले गेले त्याच्या हाकेने पुढे अख्खे शहर प्रार्थनेला उभे राहते. अपंगत्वाची कारणमीमांसा सोडून वागण्याची मीमांसा करणे, ही धर्मविचाराने टाकलेली फार मोठी उडी आहे.

एकाकीपणाचे स्वरूप सर्वांत खोलवर तपासणारे विवेचन बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आहे. आरंभी एकटा आत्मा होता, तो पुरुषासारखा होता, आणि त्याने भोवती पाहिले तेव्हा स्वतःवाचून दुसरे काही त्याला दिसले नाही. त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला की दुसरे कुणी नाहीच तर भ्यायचे कुणाला, आणि त्याचे भय गेले. तरीही त्याला आनंद वाटेना, आणि म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. उपनिषदकारांनी येथे भय जाणे आणि आनंद होणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि अपंगांविषयीच्या आजच्या सार्वजनिक विचारात नेमका हाच भेद हरवलेला दिसतो. संजय गांधी निराधार योजनेतून अपंगांना मिळणारे अर्थसाहाय्य २०२५ मध्ये दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि शासकीय नोकरीत चार टक्के आरक्षण दिले. हे सर्व आवश्यक आहे, अपुरे आहे, आणि अधिक मिळाले पाहिजे. पण ही सारी तरतूद भय घालवणारी आहे: उपासमारीचे भय, आईबापांच्या माघारी काय होईल याचे भय. बाजेवरच्या माणसाच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पैसे जमा झाले तरी त्याच्या छपरीत संध्याकाळी कुणी येऊन बसेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी किती जणांशी दिवसभरात कुणी बोलत नाही, याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

या ठिकाणी गुलाबराव महाराजांकडे वळावे लागते. अमरावती जिल्ह्यातील माधान या गावच्या मोहोड नावाच्या कुणबी घराण्यातील हा पुरुष ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे, आजोळी जन्मला, वर्षाचा होण्याआधीच त्याची दृष्टी गेली, चार वर्षांचा असताना आई गेली आणि पुढची काही वर्षे आजीने त्याचा सांभाळ केला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वऱ्हाडातल्या खेड्यात अंध, आईविना आणि कुणबी म्हणून वाढणाऱ्या मुलापुढे शास्त्राध्ययनाची कोणती वाट असणार, याचा अंदाज करणे कठीण नाही. तरीही २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत त्यांच्या नावावर मराठी, संस्कृत आणि हिंदीतील शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ जमा झाले होते, आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू, म्हणजे बुद्धी हेच ज्याचे डोळे आहेत असा, म्हणू लागले होते.

त्यांच्या चरित्राचे वर्णन सहसा चमत्कार म्हणून केले जाते: एकदा ऐकलेले सर्व त्यांच्या लक्षात राही, न वाचलेले ग्रंथ त्यांना ठाऊक असत, आळंदीला ज्ञानेश्वरांनी त्यांना मांडीवर घेऊन मंत्र दिला, इत्यादी. श्रद्धाळूंच्या या कथांचा मान राखूनही म्हणावेसे वाटते की त्यांच्या जीवनातील खरी विलक्षण गोष्ट चमत्काराच्या अलीकडेच आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. अंध माणसाला ग्रंथ वाचायचा तर कुणीतरी शेजारी बसून तो मोठ्याने वाचावा लागतो, आणि त्याला ग्रंथ लिहायचा तर कुणीतरी लेखणी घेऊन बसावे लागते. शंभरावर ग्रंथ याचा अर्थ, वर्षानुवर्षे, ऋतूमागून ऋतू, त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलेले होते. वाचणारा थांबला की विवेचन सुरू होई, लिहिणारा चुकला की दुरुस्ती होई, आणि वाचता वाचता वाचणाराच शिकत जाई. डोळे एकाचे आणि अर्थ दुसऱ्याचा, अशा या बैठकीत कोण कुणावर अवलंबून होते हे सांगता येत नाही. ज्या अवलंबित्वाला सारा समाज ओझे म्हणतो, तेच अवलंबित्व माधानच्या त्या घरात विद्यापीठ झाले होते. त्यांच्यामागे ही परंपरा जतन करणारे बाबाजी महाराज पंडित यांच्यासारखे शिष्य याच सहवासातून घडले.

त्यांनी मांडलेल्या दर्शनाचे नाव मधुराद्वैत असे आहे आणि त्याचा या जीवनाशी असलेला संबंध योगायोगाचा वाटत नाही. शंकराचार्यांच्या केवलाद्वैतात ब्रह्म एकमेव सत्य असून जीव आणि ब्रह्म यांतला भेद अज्ञानामुळे भासतो, आणि ज्ञान झाले की भेद मावळतो. मग भक्तीचे काय, हा जुना प्रश्न आहे, कारण भक्तीला भक्त आणि भगवंत असे दोघे लागतात. गुलाबराव महाराजांनी शंकराचार्यांचे अद्वैत न सोडता असे प्रतिपादन केले की ज्ञानानंतरही प्रेमाचा संबंध उरतो, तो अज्ञानाचा अवशेष नसून ज्ञानाचेच माधुर्य आहे. दोघांचे एकत्व कळल्यानेच प्रेमातील भय जाते आणि प्रेम शिल्लक राहते. हे केवळ त्यांनी लिहिले नाही, ते तसे जगले. ज्ञानेश्वरांना ते पिता मानीत आणि स्वतःला त्यांची कन्या म्हणवीत. कृष्णाला पती मानून त्यांनी सौभाग्यवतीचे अलंकार अंगावर धारण केले, आणि अंध पुरुषाने मंगळसूत्र-कुंकू ल्यावे याचे त्या काळच्या वऱ्हाडाला काय वाटले असेल याची पर्वा केली नाही. ज्याची आई चौथ्या वर्षी गेली त्याने सहाशे वर्षांपूर्वीच्या योग्याला बाप केले. बृहदारण्यकातील त्या पहिल्या पुरुषाने दुसऱ्याची इच्छा केली होती. गुलाबराव महाराजांनी ही इच्छा दुबळेपणाची खूण न मानता परमार्थाच्या शेवटच्या पायरीवर नेऊन बसवली.

या साऱ्यात एका गोष्टीचा अभाव फार बोलका आहे. त्यांच्या साधनेच्या केंद्रस्थानी दृष्टी परत मिळवण्याची खटपट नाही, आणि त्यांच्या भक्तांनी सांगितलेल्या चरित्राची परिणतीही डोळे उघडण्यात होत नाही. एरवी लोकश्रद्धेत अपंगाची आशा म्हणजे बरे होण्याची आशा, असे समीकरण घट्ट बसलेले आहे. आई नवस बोलते, दर्ग्यावर चादर चढते, उपवास होतात, कुठल्या तरी वैदूच्या तेलाने पाय सरळ होतील म्हणून पैसे उसने काढले जातात. या आशेमागची माया खरी असते, पण तिचा मुलाच्या मनावर होणारा परिणाम क्रूर असतो, कारण प्रत्येक नवसागणिक त्याला कळत जाते की आपण आहोत तसे घराला पुरेसे नाही, आणि प्रत्येक नवस फसला की घराची निराशा त्याच्याच अंगावर येते. औषधोपचार, शस्त्रक्रिया, कॅलिपर, जयपूर फूट यांचा आग्रह धरलाच पाहिजे. मात्र माणसाचे जगणे त्या उपचाराच्या निकालापर्यंत खोळंबून ठेवता येत नाही.

अर्थात गुलाबराव महाराजांचे उदाहरण पुढे ठेवण्यात एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. अलौकिक प्रतिभा असली तरच अपंगाला मान, अशी अट त्यातून नकळत घातली जाते. बाजेवरच्या माणसाला शंभर ग्रंथ सुचणार नाहीत. त्याला आपल्या वावरात यंदा कपाशी कशी आली एवढेच कुणी सांगावे असे वाटते. संत, खेळाडू किंवा अधिकारी झालेल्या अपंग व्यक्तीचे सत्कार करून समाज उरलेल्यांना विसरत असेल, तर तो सत्कारही दूर सारण्याचाच एक प्रकार ठरतो. म्हणून सामान्य माणसासाठी वारकरी परंपरेने जपलेली कूर्मदासाची कथा अधिक उपयोगाची आहे. महिपतींच्या ‘भक्तविजय’ या १७६२ च्या ग्रंथामुळे घरोघर पोचलेल्या या कथेतील कूर्मदास पैठणचा, हातापायांनी पांगळा. तो पंढरीला सरपटत निघाला, माढ्याजवळच्या लऊळपर्यंत पोचला, एकादशी तोंडावर आली आणि पुढे जाणे शक्य नाही असे दिसल्यावर त्याने वारकऱ्यांकरवी विठ्ठलाला निरोप धाडला की मला येता येत नाही, तूच ये. विठ्ठल लऊळला आला. कूर्मदासाने ग्रंथ लिहिला नाही, शास्त्रार्थ जिंकला नाही. त्याने निरोप पाठवला आणि तो हक्काने पाठवला. प्रचलित कथेत त्याला हातपाय फुटत नाहीत, तो चालत पंढरीला जात नाही. ज्याला चालता येते त्याने यावे, असा धर्माचा नियमच ही कथा घालून देते, आणि अपंगाने कुणाचे उपकार म्हणून नव्हे तर नात्याच्या अधिकाराने बोलवावे, असेही सांगते. पातूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पालखीचा अर्थ या कथेवाचून पुरता लागत नाही.

सांख्य दर्शनातही याला पूरक असा एक दृष्टान्त आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष, म्हणजे पाहणारे चैतन्य, आणि प्रकृती, म्हणजे कर्म करणारे जड तत्त्व, यांच्या संयोगाला पांगळा आणि आंधळा यांच्या सोबतीची उपमा दिली आहे: आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो, एक वाट पाहतो आणि दुसरा चालतो, आणि अशा सोबतीतून सृष्टी घडते. सांख्यांचा हेतू अपंगांविषयी काही सांगण्याचा नव्हता. तरीही संपूर्ण विश्वाचा व्यवहार समजावण्यासाठी एका दर्शनाला दोन अपंग माणसांचे परस्परांना लागणे हेच उदाहरण योग्य वाटले, याचा विचार ‘स्वावलंबन’ हेच एकमेव ध्येय मानणाऱ्या पुनर्वसनशास्त्राने अवश्य करावा.

आशा प्रत्यक्षात कशी हस्तांतरित होते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर खचलेल्या या मुलीला उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि ते स्वतः तसेच लुळे असून उद्योग चालवीत व स्वतः मोटार हाकीत. डॉक्टर, नातलग, मौलवी या सर्वांनी दिलेला धीर खोटा नव्हता, पण तो वरून खाली येणारा धीर होता. शेजारच्या खुर्चीतून आलेल्या शब्दाचे वजन त्याला नव्हते. पुढे १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि मिळालेली आशा पुढे दिली. एका अपंगाला दुसरा अपंग भेटणे ही इतकी साधी गोष्ट, पण खेड्यात तीच दुर्मिळ असते, कारण दोघेही आपापल्या छपरीत असतात आणि दोन छपऱ्यांमधले अंतर दोघांनाही पार करता येत नाही.

वऱ्हाडात सेवेची परंपरा मोठी आहे. शेंडगावचे गाडगेबाबा आंधळ्या-पांगळ्यांना स्वतः वाढून जेवू घालीत आणि त्यांच्या औषधोपचाराला देवपूजेपेक्षा वरची जागा देत; डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसवले. परतवाड्याजवळील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपले नाव देऊन वाढवतात, त्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी तेथे वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. या कामांपुढे नतमस्तकच व्हावे. त्यातही शंकरबाबांनी दिलेले नाव ही गोष्ट अन्नवस्त्राहून निराळी आहे, कारण अन्नाने माणूस जगतो, पण नावाने तो कुणाचा तरी होतो, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरही अशा मुलांना घराबाहेर काढू नये, हा त्यांचा आग्रह त्याच विचारातून आलेला आहे: नाते वयाच्या दाखल्याने संपत नाही.

एवढे सारे पाहिल्यावर पातूरसारख्या गावाकडून काय मागावे हे सांगणे अवघड नाही, आणि ते स्पष्टच सांगितले पाहिजे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. तो दरवर्षी साहित्यवाटपाच्या समारंभात न संपवता त्यातून गावातील मंदिर, दर्गा, विहार आणि वाचनालय यांच्या दाराशी उतार बांधावेत, आणि त्यांच्या विश्वस्तांनी त्यासाठी निधीची वाट न पाहता आधी हात घालावा. भजनी मंडळाने महिन्यातून एकदा आपली बैठक बाजेवरच्या माणसाच्या छपरीत भरवावी आणि त्याला टाळ किंवा पखवाज यांपैकी जमेल ते वाजवायला द्यावे, केवळ ऐकायला बसवू नये. ज्या घरात बधिर मूल आहे त्या घरातील निदान दोघांनी, आणि शाळेतील एका शिक्षकाने, खुणांची भाषा शिकावी. अंधाला ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सेवा करतो असे शिकवू नये. तो शिकायला जातो आहे असे सांगावे. आणि पुढच्या ज्येष्ठात पालखी वाडेगावहून पातुरात येईल तेव्हा रांगोळी आणि चहाच्या तयारीबरोबर, ज्यांना रस्त्यापर्यंत येता येत नाही त्यांची घरे आधी विचारून ठेवावीत. खुर्चीवर, खांद्यावर, जमेल तसे त्यांना रस्त्यापर्यंत न्यावे, आणि ज्यांना नेता येत नाही त्यांच्या दारी चार वारकऱ्यांनी टाळ-मृदंग घेऊन जावे.